इंग्रजी पानावरही विजेट मराठीच बोलते, तेव्हा आधी मजकुराचा पत्ता शोधावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अप्पा बळवंत चौकातील एका प्रकाशकाचे संकेतस्थळ तुम्ही वर्डप्रेसवर एलिमेंटॉर (पाने रचण्याचे प्लगइन) वापरून बांधले आहे. मूळ भाषा मराठी आहे आणि इंग्रजी आवृत्तीसाठी डब्ल्यूपीएमएल हे बहुभाषी प्लगइन बसवले आहे. साधी शीर्षके आणि परिच्छेद इंग्रजीत व्यवस्थित येतात. परंतु तुमच्याच कंपनीने लिहिलेल्या ‘पुस्तकपेटी’ या विजेटमधील (पानावर बसवायच्या तयार घटकातील) मजकूर इंग्रजी पानावरही मराठीच राहतो. त्यातील बटणावरचे शब्द मात्र कधी मराठी, कधी इंग्रजी दिसतात, आणि ‘आणखी पुस्तके’ हे बटण दाबल्यावर येणारी पुस्तके नेहमी मराठी नोंदींतलीच असतात. कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, तीन वेळा रिकामा केला, प्लगइन बंद करून पुन्हा चालू केले, तरीही फरक पडला नाही, असे तुम्ही लिहिले आहे.

या एका तक्रारीत मला निदान चार निरनिराळे दोष दिसतात आणि ते एकाच उपायाने जाणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. पेठेत पत्ता विचारायला गेले, की समोरचा माणूस आधी ‘कोणाकडे जायचंय?’ असे उलट विचारतो. त्या प्रश्नाचा पुष्कळांना राग येतो, पण अनुवादाच्या तक्रारीत मी नेमका तोच प्रश्न आधी विचारतो. पडद्यावर शेजारीशेजारी दिसणारी चार वाक्ये प्रत्यक्षात चार वेगळ्या ठिकाणी राहत असू शकतात: एक पानाच्या नोंदीत, एक विजेटच्या कोडमध्ये, एक पुस्तकाच्या नोंदीतील स्वतंत्र रकान्यात आणि एक सर्व्हरवरच्या तात्पुरत्या साठ्यात. न भाषांतरलेले वाक्य यांपैकी कोठे राहते हे कळल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आंधळेपणाने केलेल्या बदलांमुळे मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर दोन नवे दोष चढतात.

पत्ता शोधण्याची पहिली पायरी सोपी आहे. लॉग-इन नसलेल्या खासगी खिडकीत इंग्रजी पान उघडा, पानाचा स्रोत (ब्राउझरला मिळालेला एचटीएमएल) पाहा आणि चुकीचे वाक्य त्यात शोधा. पडद्यावर दिसणारे वाक्य स्रोतात सापडले नाही, तर ते जावास्क्रिप्टने मागाहून आणलेले आहे, आणि पुढची चौकशी त्या मार्गाने करावी लागते. स्रोतात सापडले, तर ते सर्व्हरवरच घडले आहे. दुसरी पायरी म्हणजे त्याच पानावर, तुमच्या विजेटच्या शेजारी, एलिमेंटॉरचे साधे शीर्षक-विजेट ठेवून त्यात एखादे नवे वाक्य लिहायचे, मूळ पान जतन करायचे आणि ते पुन्हा अनुवादाला पाठवायचे. हे वाक्य अनुवादाच्या खिडकीत आले, पण पुस्तकपेटीतील आले नाही, तर यंत्रणा निरोगी आहे आणि दोष तुमच्या विजेटच्या नोंदणीत आहे. तुमच्या वर्णनावरून निकाल हाच लागेल असे वाटते.

येथे मी स्वतः एकदा दुपारभर फसलो होतो, म्हणून एक इशारा देतो. विजेटमधील मराठी वाक्य कोठे साठवले आहे हे पाहण्यासाठी मी ते वाक्य थेट डेटाबेसमध्ये शोधले, ते कोठेच मिळाले नाही, आणि मजकूर बाहेरून कोठून तरी येतो असा चुकीचा निष्कर्ष काढून मी भलतीच वाट धरली. एलिमेंटॉर पानाची सगळी मांडणी पोस्टमेटाच्या (नोंदींच्या जादा माहितीच्या) तक्त्यात एका लांबलचक जेसन नोंदीत, म्हणजे मजकूर-रूपातील माहितीच्या मांडणीत, ठेवतो, आणि ती नोंद लिहिताना देवनागरी अक्षरे जशीच्या तशी न लिहिता त्यांचे युनिकोड संकेत लिहिले जातात. ‘पुणे’ हा शब्द तेथे चार संकेतांच्या रूपात असतो: ०९२ए, ०९४१, ०९२३ आणि ०९४७, प्रत्येकाआधी उलटी तिरकी रेघ आणि यू. त्यामुळे देवनागरीत शोधलेला शब्द तेथे सापडणारच नाही. शोध घ्यायचाच असेल तर त्या शब्दाचे संकेत करून घ्या, किंवा त्याहून सोपे म्हणजे, पानाच्या स्रोतात त्या विजेटला मिळालेला सात अक्षरी ओळखक्रमांक पाहून तो शोधा.

आता मुख्य दोषाकडे येऊ. डब्ल्यूपीएमएल एलिमेंटॉरच्या जेसन नोंदीतील प्रत्येक शब्द अनुवादाला देत नाही, आणि देऊही नये. कारण त्या नोंदीत रंग, अंतर, चित्रांचे क्रमांक आणि दुव्यांचे पत्ते असे बरेच काही असते. कोणत्या विजेटमधील कोणते रकाने भाषांतराचे आहेत, याची एक यादी त्याच्याजवळ असते. एलिमेंटॉरची स्वतःची आणि काही प्रचलित जोड-प्लगइनची विजेट त्या यादीत आधीच असतात. तुमच्या विजेटचे नाव तेथे नसल्यामुळे त्यातला मजकूर अनुवादकापुढे कधीच गेला नाही, आणि इंग्रजी पान तयार होताना मूळ मांडणीची नक्कल होऊन मराठी वाक्ये तशीच तिकडे गेली. अनुवाद शंभर टक्के पूर्ण झाला असे यंत्रणा सांगते तेही तिच्या दृष्टीने खरेच असते, कारण तिच्या मोजणीत ही वाक्ये आलेलीच नाहीत.

यावर उपाय म्हणजे विजेटची रीतसर नोंदणी. ती दोन प्रकारे करता येते: प्लगइनच्या मूळ फोल्डरमध्ये डब्ल्यूपीएमएलची एक्सएमएल संरचना-फाइल ठेवून, किंवा पीएचपीमध्ये त्यासाठी दिलेल्या फिल्टरवर (बाहेरून कोड जोडण्याच्या जागेवर) विजेटची माहिती जोडून. साध्या विजेटसाठी मी एक्सएमएलच पसंत करतो, कारण वर्षभराने दुसरा कोणी हे काम हाती घेईल तेव्हा त्याला कोड न वाचताही ती फाइल समजते. घाई असेल तर तोच मजकूर डब्ल्यूपीएमएलच्या सेटिंगमधील स्वतंत्र एक्सएमएलच्या टॅबमध्येही टाकून पाहता येतो.

या नोंदणीत तीन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे विजेटचे चुकीचे नाव. फाइलमध्ये विजेटच्या क्लासमधील नाव सांगणारी पद्धत (मेथड) जे अंतर्गत नाव परत करते तेच हवे. संपादकाच्या बाजूच्या पट्टीत दिसणारे ‘पुस्तकपेटी’ हे शीर्षक तेथे चालत नाही. दुसरी म्हणजे रकान्याचा प्रकार. एका ओळीचा मजकूर, अनेक ओळींचा साधा मजकूर, संपादकासह सजवलेला मजकूर आणि दुवा असे चार प्रकार आहेत. लेखक-परिचयासारखा परिच्छेदांचा रकाना एका ओळीचा म्हणून नोंदवला, तर अनुवादकाला त्यातले एचटीएमएलचे टॅग उघडे दिसतात आणि एखादा टॅग हमखास मोडतो. तिसरी चूक सर्वांत जास्त वेळ खाणारी आहे. तुमच्या पेटीत एकाखाली एक पुस्तके भरण्यासाठी पुनरावृत्तीचा रकाना असणार. त्यातील उपरकाने बाहेरच्या रकान्यांसोबत लिहून चालत नाहीत. ते ‘या यादीतील प्रत्येक घटकाचे हे रकाने’ अशा स्वतंत्र गटात द्यावे लागतात, अन्यथा पेटीचे शीर्षक इंग्रजी होते आणि आतील सर्व पुस्तके मराठी राहतात.

नोंदणी झाल्यावर काहीच बदलले नाही असे वाटून बरेच जण ती फाइल पुन्हा पुन्हा तपासत बसतात. यंत्रणा मजकूर गोळा करते ती मूळ पान जतन होताना. म्हणून मूळ मराठी पान एलिमेंटॉरमध्ये उघडून एखादा किरकोळ बदल करावा, ते जतन करावे आणि मगच अनुवादाची खिडकी उघडावी. तुमच्याकडे अशी साठ पाने असतील तर साठही पाने जतन करावी लागतील, ही गोष्ट ग्राहकाला वेळेचा अंदाज देतानाच सांगून टाका.

नोंदणी बरोबर असूनही एखादे वाक्य येत नसेल, तर ते त्या रकान्याचे मूळ मूल्य (डिफॉल्ट) आहे का, हे पाहा. पेटीच्या शीर्षकासाठी तुम्ही ‘नवी पुस्तके’ असे मूळ मूल्य कोडमध्ये दिले असेल आणि संपादकाने ते बदललेच नसेल, तर एलिमेंटॉर ते जेसन नोंदीत लिहितच नाही. तेथे तो रकाना रिकामाच असतो, आणि रिकाम्या रकान्यातून अनुवादासाठी काय उचलणार? पडद्यावर वाक्य स्पष्ट दिसते, पण डेटाबेसमध्ये त्याचा मागमूस नसतो. अशी मूळ मूल्ये कोडमध्ये भाषांतराच्या फंक्शनमध्ये गुंडाळावीत, किंवा मूळ मूल्य रिकामे ठेवून संपादकाला ते भरायला लावावे. मी दुसरा मार्ग घेतो. संपादकाला थोडा त्रास होतो, परंतु प्रत्येक शब्द कोठून आला हे तरी नक्की ठरते.

कोडमधील शब्दांविषयी आणखी एक गोष्ट पुण्यातल्या अनेक कामांत मला दिसते. मूळ संकेतस्थळ मराठी असल्यामुळे विकसक भाषांतराच्या फंक्शनमध्येही ‘किंमत’, ‘खरेदी करा’ असे मराठी शब्द थेट लिहितात. वर्डप्रेसच्या जगात कोडमधील मूळ शब्द इंग्रजी असतो असेच गृहीत धरलेले आहे, आणि डब्ल्यूपीएमएलही त्या शब्दसमूहाची भाषा इंग्रजी समजून चालते. मग इंग्रजी पानावर ‘किंमत’ हाच त्याचा इंग्रजी शब्द ठरतो, आणि त्याला अनुवादाची गरज आहे असे कोणालाच वाटत नाही. शब्दसमूहाची मूळ भाषा बदलण्याची सोय आहे, पण मी ती सुचवणार नाही. कोडमध्ये इंग्रजी शब्द लिहावेत आणि मराठी शब्द अनुवादाच्या फाइलमध्ये ठेवावेत; त्यासाठी लोको ट्रान्सलेटसारखे साधन पुरेसे आहे. अनुवादाच्या फाइली फार लवकर वाचल्या जात असल्याची सूचना वर्डप्रेस ६.७ पासून, म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिली जाते. ती तुमच्या संकेतस्थळाच्या त्रुटींच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) दिसत असेल, तर भाषांतराची फंक्शने वर्डप्रेस सुरू होतानाच्या ‘इनिट’ या टप्प्याआधी कोठे वापरली गेली आहेत का ते तपासा.

बटणावरचे शब्द कधी मराठी, कधी इंग्रजी दिसतात, हे वाचल्यावर माझा संशय तात्पुरत्या साठ्यावर गेला. नोंदणीतला दोष रोज सारखाच दिसतो. आज आहे आणि उद्या नाही असा दोष बहुतेक वेळा साठवणुकीचा असतो. तुमच्या विजेटमध्ये पुस्तकांची यादी दर वेळी नव्याने न काढता तयार एचटीएमएल काही तासांसाठी ट्रान्झिएंटमध्ये (वर्डप्रेसच्या मुदतीच्या साठ्यात) ठेवले जात असेल, आणि त्याच्या किल्लीत, म्हणजे साठवताना दिलेल्या नावात, फक्त विजेटचा क्रमांक असेल, तर मुदत संपल्यानंतर जो वाचक पहिला येतो त्याच्या भाषेतले बटण पुढच्या सर्वांना मिळते. सकाळी पहिला वाचक परदेशातून इंग्रजी पानावर आला, तर पुढचे काही तास सदाशिव पेठेतल्या वाचकालाही इंग्रजी बटण दिसेल. तीन वेळा कॅशे रिकामा करूनही दोष का परतला, याचेही उत्तर यातच आहे. किल्लीत चालू भाषेचा संकेत जोडला, की हे थांबते.

आता पुस्तकांकडे वळू. संपादक पेटीत ‘पुस्तक निवडा’ या यादीतून पुस्तक निवडतो तेव्हा साठवला जातो तो पुस्तकाच्या मराठी नोंदीचा क्रमांक. इंग्रजी पानावर मांडणीची नक्कल झाली तरी तो क्रमांक तोच राहतो आणि मराठी पुस्तकच दिसते. विजेट पडद्यावर उमटवताना त्या क्रमांकावरून चालू भाषेतील जोड-नोंदीचा क्रमांक मागून घ्यावा. डब्ल्यूपीएमएलमध्ये त्यासाठी फिल्टर आहे आणि पॉलीलँग या दुसऱ्या बहुभाषी प्लगइनमध्ये तेच काम करणारे फंक्शन आहे. इंग्रजी नोंद अस्तित्वातच नसेल तर काय करायचे, मराठी पुस्तक दाखवायचे की जागा वगळायची, हा निर्णय प्रकाशकाला विचारूनच घ्या. मराठी प्रकाशकाच्या बाबतीत मी मराठी नोंद दाखवण्याच्या बाजूने आहे, कारण पुस्तक मुळात मराठीच आहे आणि परदेशातील ग्राहकाला ते विकत घ्यायचे असते.

यादी क्रमांकांनी न काढता डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने (क्वेरीने) काढत असाल, तर त्यासाठी कोणते फंक्शन वापरले आहे ते पाहा. वर्डप्रेसचे ‘गेट पोस्ट्स’ हे फंक्शन फिल्टर दाबून टाकण्याचा पर्याय मुळातच चालू ठेवते, आणि डब्ल्यूपीएमएलची भाषेची चाळणी त्या फिल्टरांवरच अवलंबून असल्यामुळे दोन्ही भाषांतील पुस्तके एकत्र येतात. तो पर्याय स्पष्टपणे बंद करावा किंवा ‘डब्ल्यूपी क्वेरी’ हा क्लास वापरावा. ‘आणखी पुस्तके’ या बटणाचा दोष याच कुळातला असला तरी त्याचे कारण निराळे आहे. ती विनंती पानाच्या पत्त्यावर जात नाही. ती ॲडमिन-एजॅक्सच्या (पान न बदलता माहिती आणण्याच्या) पत्त्यावर जाते, आणि त्या पत्त्यात भाषेचा काहीच उल्लेख नसल्याने सर्व्हर मूळ भाषा धरून चालतो. विनंतीसोबत चालू भाषेचा संकेत पाठवावा, सर्व्हरवर तो मंजूर भाषांच्या यादीशी पडताळून घ्यावा आणि प्रश्न चालवण्याआधी भाषा बदलण्याची क्रिया करावी. भाषा कुकीमध्ये लक्षात ठेवण्याची एक सेटिंगही डब्ल्यूपीएमएलमध्ये आहे, परंतु सर्व्हरवर पानांचा कॅशे असताना तिच्यावर विसंबणे मला सुरक्षित वाटत नाही.

पुस्तकाच्या नोंदीतील स्वतंत्र रकान्यांबाबत फार लिहित नाही: गोषवारा आणि लेखक-परिचय ‘भाषांतर’ या गटात, किंमत, पृष्ठसंख्या आणि आयएसबीएन ‘नक्कल’ या गटात, एवढे ठरवले की झाले. शीर्षपट्टी, तळपट्टी आणि पॉपअप हे एलिमेंटॉरमध्ये स्वतंत्र साचे असतात आणि त्यांचा अनुवाद स्वतंत्रपणे करावा लागतो, हे मात्र लक्षात ठेवा. पानाचा अनुवाद झाला म्हणजे तेही झाले असे होत नाही.

इतर साधनांत पत्ते बदलतात. पॉलीलँग प्रत्येक भाषेसाठी निराळे पान ठेवते आणि त्यातील विजेट तुम्ही हातानेच बदलता, त्यामुळे विजेट-नोंदणीचा प्रश्न तेथे येत नाही, पण क्रमांकांचा आणि एजॅक्सचा प्रश्न तसाच येतो. ट्रान्सलेटप्रेस तयार झालेल्या पानातील वाक्ये उचलते. बीव्हर बिल्डर या एलिमेंटॉरसारख्याच प्लगइनची मांडणी पीएचपीच्या अनुक्रमित (सिरियलाइझ्ड) रूपात साठवलेली असते, आणि त्यात प्रत्येक वाक्याआधी त्याची बाइटमध्ये मोजलेली लांबी लिहिलेली असते. देवनागरीचे प्रत्येक संकेत-अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणून ‘पुणे’ बारा बाइटचे आणि त्याचे रोमन रूप चारच बाइटचे. डेटाबेसमध्ये थेट शोधून बदल केला, की लिहिलेली लांबी खोटी ठरते आणि सगळे पान रिकामे दिसते. असा बदल करायचाच असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय या आज्ञा-साधनाची शोध-बदल आज्ञा वापरावी; ती लांबी पुन्हा मोजते.

मराठी मूळ भाषा असताना एक खास अडचण येते, आणि ती इंग्रजीत लिहिलेल्या मदत-पानांत तुम्हाला सापडणार नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्या दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त आणि या जोडून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. माझ्या एका ग्राहकाकडे मुद्रितशोधकाने आपल्या सवयीच्या कळफलकावरून काही शब्द पुन्हा टंकले आणि सकाळी वीस पानांचे अनुवाद ‘जुने झाले’ म्हणून समोर आले. कोणीही एक अक्षर बदलल्याचे कबूल करीना, आणि दिसण्यापुरते ते खरेही होते. कार्यालयात सर्वांनी एकच कळफलक वापरावा आणि मजकूर एकाच रूपात असावा, असे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

अनुवाद नीट आल्यानंतरही इंग्रजी पान विस्कटलेले दिसले, तर सीएसएसमध्ये (दिसण्याच्या नियमांत) पानाचा क्रमांक वापरला आहे का ते पाहा. अनुवादित पान ही वेगळी नोंद असल्याने तिचा क्रमांक वेगळा असतो आणि मूळ पानाच्या क्रमांकावर टांगलेले सर्व नियम तेथे गळून पडतात. विजेटला स्वतःचा वर्ग (क्लास) देऊन नियम त्यावर लिहावेत. उलट दिशेने, इंग्रजीसाठी दिलेले अक्षरांमधील जादा अंतर मराठी पानावर आले तर शिरोरेषा तुटते. ते मराठीसाठी शून्य करावे. अक्षर-अक्षर टंकत जाणारी शीर्षके मराठीत टाळावीत, कारण अशी बहुतेक विजेट मजकुराचे संकेतांनुसार तुकडे करतात आणि ‘पुणे’मधला उकार क्षणभर एकटाच ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळताना दिसतो. संपूर्ण शब्द एकदम बदलणारा परिणाम निवडला तर हा प्रश्न उरत नाही.

प्रकाशित पुस्तकांची संख्या दाखवणारे गणक-विजेट देवनागरी अंक स्वीकारत नाही, अशी एक ओळ तुमच्या प्रश्नाच्या शेवटी आहे. तो दोष तुमचा नाही. त्या विजेटचा रकाना संख्येचा आहे आणि ब्राउझर त्यात फक्त इंग्रजी अंक भरू देतो. तुमच्या स्वतःच्या विजेटमध्ये संख्या इंग्रजी अंकांतच साठवा आणि दाखवताना जावास्क्रिप्टच्या संख्या-मांडणीला मराठी-भारत हा प्रदेशसंकेत द्या. १२५००० ही संख्या मराठी पानावर १,२५,००० अशी देवनागरी अंकांत आणि लाखाच्या स्वल्पविरामासह येईल. इंग्रजी पानावर इंग्रजी-भारत हा संकेत दिला तर स्वल्पविराम तेच राहतील आणि फक्त अंक बदलतील.